शाळेच्या वीर-स्मृतिफलकासाठी नावं पाठवण्यापूर्वी

मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि माजी विद्यार्थी संघांच्या पदाधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आपल्या शाळेत शिकून सैन्यात गेलेल्या आणि कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या विद्यार्थ्यांची नावं शाळेच्या आवारात कोरून ठेवावीत, म्हणून तुम्ही आमच्याकडे येता. ग्रॅनाइट की पितळ, भिंतीवर की चौथऱ्यावर, अक्षरं केवढी, हे सगळं एका बैठकीत ठरतं. पुढे कामाला उशीर होतो तो जवळजवळ दर वेळी एकाच कारणाने, आणि ते कारण आमच्या कारखान्यात नसतं, तुमच्याकडून येणाऱ्या यादीतल्या चुकांत असतं. म्हणून हे पत्रक.

फ्लेक्सच्या फोटोवरून फलक करू नका

नावं मागितली की व्हॉट्सअॅपवर फोटो येतो. अंत्यसंस्काराच्या वेळी चौकात लावलेल्या फ्लेक्सचा, नाहीतर वर्तमानपत्राच्या कात्रणाचा. तो फ्लेक्स एका रात्रीत, कुणीतरी फोनवरून सांगितलेल्या मजकुरावर छापलेला असतो. त्यात चूक राहिली तरी त्या दिवशी कुणी तिच्यावर बोट ठेवत नाही, ठेवूही नये. पण तोच मजकूर दगडात उतरला की शाळेतली पोरं पुढची पन्नास वर्षं तोच वाचणार.

काय काय चुकतं ते सांगतो. नाव घरातल्या हाकेचं असतं, रजिस्टरमधलं नसतं. वडिलांचं नाव गळलेलं असतं. हुद्द्याच्या जागी 'वीर जवान' एवढंच असतं. आणि सगळ्यांत जास्त चुकते ती तारीख. सीमेवरून पार्थिव गावी पोचायला एक-दोन दिवस लागतात, बर्फात कुणी गाडलं गेलं असेल तर त्याहून जास्त. फ्लेक्सवर अंत्ययात्रेचा दिवस छापलेला असतो, आणि शाळा तीच तारीख वीरमरणाची म्हणून कळवते. मग दरवर्षी घरी स्मृतिदिन एका दिवशी आणि शाळेत दुसऱ्याच दिवशी.

हे टाळायला आम्ही एवढंच मागतो: नाव शाळेच्या जनरल रजिस्टरवरून घ्या, हुद्दा, युनिट आणि तारीख लष्कराच्या कागदावरून घ्या, आणि दोन्ही एकत्र लिहून घरच्यांना दाखवा. त्यांची सही झाली की आमचं काम सुरू.

नाव रजिस्टरवरून का

लष्करातल्या नोंदी बहुतेक इंग्रजीत असतात, आणि इंग्रजीत काळे आणि काले एकाच अक्षरांनी लिहिले जातात. माने आणि मने, घाणेकर आणि घानेकर यांचंही तेच. पेन्शनच्या कागदावरून कुणी नाव मराठीत उतरवलं की ळ चा ल होतो, ण चा न होतो, आणि ज्या मास्तरांनी त्या मुलाची हजेरी रोज घेतली त्यांना ते नाव परकं वाटतं. शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र ते देवनागरीत, दाखल झाला त्या दिवशी लिहिलेलं असतं.

वडिलांच्या नावासह पूर्ण नाव लिहाच. एकाच शाळेत एकाच नावा-आडनावाचे चार-पाच विद्यार्थी सहज सापडतात.

तरीही रजिस्टरवर थांबून चालत नाही. एका शाळेच्या कामात कच्चा नमुना दाखवायला आम्ही घरी गेलो होतो. वडिलांनी चष्मा लावला, कागद दाराच्या उजेडात धरला, मुलाच्या नावावरून पुढे गेले आणि मधल्या नावावर थांबले. "हे आमच्या थोरल्याचं नाव," म्हणाले. मुलगा चुलत्याकडे राहून शिकला होता, पालक म्हणून चुलत्याचं नाव लागलं होतं, आणि यादी करणाऱ्याने ते वडिलांचं समजून उतरवलं होतं. दगड कापायच्या आधी तो कागद त्या घरी गेला म्हणून निभावलं. घरच्यांच्या सहीचा आग्रह आम्ही धरतो तो यासाठी. काही मंडळींना हा आग्रह अडवणुकीसारखा वाटतो, पण आम्ही तो सोडणार नाही.

जन्मतारीख कोरू नये असं आमचं मत आहे. जुन्या रजिस्टरांत निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून दिसते, आणि ती का दिसते हे शाळेला आम्ही सांगायला नको. त्यापेक्षा दहावीच्या बॅचचं वर्ष घाला. आजच्या विद्यार्थ्याला त्यावरून लगेच कळतं की हा आपल्या काकांच्या वर्गातला.

हुद्दा आणि युनिट

'जवान' हा हुद्दा नाही. पायदळात २०२२ पर्यंत सुरुवात शिपायापासून व्हायची (आता भरती अग्निवीर म्हणून होते), पुढे लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. पण शिपायाच्या पातळीला प्रत्येक दलाचं आपलं नाव आहे. इंजिनिअर्समध्ये तो सॅपर, तोफखान्यात गनर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, ईएमईत (लष्कराची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारं दल) क्राफ्ट्समन. रणगाडा दलात हवालदाराला दफेदार म्हणतात आणि सुभेदाराला रिसालदार. सॅपर होता त्याला शिपाई लिहिलं तर बाहेरच्यांना काही वाटणार नाही, पण त्याच्या पलटणीतले सोबती उद्घाटनाला येतात आणि पहिली नजर तिथेच जाते.

'नाईक' या शब्दाकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे ते आडनावही आहे. यादीत नुसतं 'नाईक' असं सुटं लिहून आलं की तो हुद्दा की आडनाव हे आम्हाला कळत नाही, आणि आम्ही अंदाजाने कोरत नाही. हुद्दा नेहमी वेगळ्या रकान्यात लिहा.

युनिटच्या बाबतीत गोंधळ होतो तो राष्ट्रीय रायफल्समुळे, म्हणजे जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या लष्करी दलामुळे. या दलात अधिकारी आणि जवान वेगवेगळ्या रेजिमेंटमधून ठरावीक काळासाठी येतात. सातारा सैनिक स्कूलचे माजी विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात कामी आले, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते, पण मूळचे २१ पॅरा स्पेशल फोर्सेसचे. अशा वेळी दोन्ही नावं लिहावीत. मूळ पलटण त्या माणसाची आयुष्यभराची ओळख असते, ती गाळली तर घरच्यांना लागतं.

कागद कुठे मिळेल, हा पुढचा प्रश्न. घरात फॅमिली पेन्शनची पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीची ऑर्डर असते, तिच्यावर आर्मी नंबर, हुद्दा आणि सैनिकाच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचं नाव असतं. पीपीओ सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घेऊन जा. त्यापुढे रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आहे: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचं लोकार्पण झालं, तिथे ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, आणि स्मारकाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं. तिथून हुद्दा आणि युनिट पडताळा, नावाचं मराठी रूप मात्र शाळेचंच ठेवा.

कुणाचं नाव घ्यायचं

हा निर्णय शाळेचा. पण आम्हाला सतत विचारलं जातं, म्हणून आमचं मत सांगतो.

दहावी नापास होऊन भरती झालेल्या मुलाचं नाव लावायचं का, असं विचारणारे असतात. लावायचंच. रजिस्टरमध्ये नोंद आहे म्हणजे तो शाळेचा. सातवीनंतर दुसऱ्या शाळेत गेला असेल तर दोन्ही शाळांनी लावावं, त्यात कुणाचं काही कमी होत नाही.

लढाईत गेला नाही, सरावात, वाहनाच्या अपघातात, सियाचीनच्या थंडीत आजारी पडून गेला, त्याचं काय? लष्कर नोंदीत युद्धातला मृत्यू आणि इतर मृत्यू वेगळे धरतं, पेन्शनचे नियमही त्यानुसार बदलतात. शाळेने तो भेद फलकावर आणू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. वर्दीत, सेवेत असताना गेला, एवढं पुरे. ज्यांना फरक दाखवायचाच आहे त्यांनी मोहिमेचं नाव घालावं: ऑपरेशन मेघदूत (सियाचीन), ऑपरेशन पवन (श्रीलंका), ऑपरेशन विजय (कारगिल). मोहीम नसेल तिथे फक्त ठिकाण.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांतले विद्यार्थीही विचारले जातात. ही दलं गृह मंत्रालयाची. त्यांची नावं राष्ट्रीय समर स्मारकात नसतात, त्यांच्यासाठी दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. शाळेतला बाक मात्र एकच होता. आम्ही एकाच फलकावर घ्यायचा सल्ला देतो. मुलींच्या शाळांनी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसची नोंद तपासायला विसरू नये.

कुणी बेपत्ता असेल, पार्थिव आलंच नसेल, तर आधी घरी जा. १९६२ किंवा १९७१ च्या बाबतीत आजही काही घरं वाट बघणं सोडत नाहीत. त्यांनी नको म्हटलं तर आग्रह करू नका.

शंभरी ओलांडलेल्या शाळांनी महायुद्धांच्या काळातली रजिस्टरंही उघडावीत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. त्या पाटीवर आकडा आहे, नाव एकाचंही नाही. शाळेकडे ती नावं असू शकतात. युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत गेलेल्या १७ लाख जणांची नोंद आहे, शोधायला पैसे पडत नाहीत. पहिल्या युद्धासाठी ती ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत आणि दुसऱ्यासाठी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतची आहे. तिथली स्पेलिंगं इंग्रज कारकुनांच्या कानांनी ऐकलेली आहेत, तेव्हा एका नावाचे तीन-चार प्रकार करून शोधा.

आम्ही जे करत नाही

सगळ्यांची अक्षरं एकाच उंचीची ठेवतो. कर्नल असो वा सॅपर. क्रम वीरमरणाच्या तारखेनुसार.

उद्घाटकांचं, देणगीदारांचं, विश्वस्तांचं नाव त्याच फलकावर कोरत नाही. यावरून आमच्यावर नाराज झालेले लोक आहेत. देणगी देणाऱ्याचा मान आहेच, त्यासाठी खाली किंवा बाजूला वेगळी पाटी आम्ही करून देतो आणि ती नीटनेटकी करतो. पण मोठ्या अक्षरांत उद्घाटक आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत ज्यांच्यासाठी फलक आहे ते, असं काम आमच्या हातून होणार नाही.

२६ जानेवारीचं काम जानेवारीत घेत नाही. कागद जमवायला आणि घरोघरी सह्या घ्यायलाच महिना-दीड महिना जातो. पंधरा ऑगस्टला फलक हवा असेल तर सह्या झालेली यादी जून अखेरपर्यंत, प्रजासत्ताक दिनासाठी नोव्हेंबर अखेरपर्यंत पोचवा. २६ जुलै, कारगिल विजय दिनासाठी मे महिन्यात.

चूक दुरुस्त करून द्या, असं फलक बसल्यावर सांगितलं जातं. ग्रॅनाइटमध्ये कोरलेलं अक्षर खोडता येत नाही. सगळा पृष्ठभाग घासून खाली न्यावा लागतो, पॉलिश पुन्हा करावं लागतं. नुसता तेवढाच भाग घासला तर उन्हात तो मळकट डाग उठून दिसतो, आणि तो नेमका एका मुलाच्या नावावर असतो. पितळेची पत्री तर नवीच करावी लागते. हा खर्च शाळेवर पडू नये म्हणून आधी कागदावर पक्कं करतो.

दगड, पितळ आणि निगा

उघड्यावर बसवायचं असेल तर काळा ग्रॅनाइट, सँडब्लास्टने, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने खोल कोरलेला. लेझरचं काम स्वस्तात होतं आणि छायाचित्रासाठी छान दिसतं, पण ते वरच्या थरावरच असतं, ते आत सभागृहात ठीक. संगमरवर शोभून दिसतो, मात्र उघड्यावर लवकर झिजतो आणि हळद-कुंकू, तेल शोषून घेतो. अक्षराची उंची पाऊण इंचाच्या खाली आम्ही नेत नाही, कारण त्याहून लहान केलं की जोडाक्षरं आणि रफार रंगाने बुजतात.

बहुतेक शाळांना आम्ही प्रत्येक नावाची स्वतंत्र पट्टी सुचवतो, एका चौकटीत बसवलेली. जुन्या रजिस्टरमधून एखादं नाव नंतर सापडलं तर तारखेच्या क्रमाने ते मध्ये बसवता येतं, आणि एका पट्टीत काही बदलायचं झालं तर बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. सुरुवातीला थोडं महाग पडतं. ज्या शाळांनी घेतलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी पुढे एखादी तरी पट्टी वाढवली आहे.

फलक नुसत्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसा. संडास साफ करायचं ॲसिड पितळेला आणि संगमरवराला कधीही लावू नका. ओले हार रात्रभर पितळेवर ठेवू नका, त्यासाठी चौकटीच्या वर हूक देतो. सोनेरी रंग उन्हाने फिका पडतो, तो पुन्हा भरून देण्याचं काम आम्ही करतो, आमचा फलक नसला तरी.

यादीचा कोरा तक्ता आमच्याकडे मागा. त्यात रकाने आखलेले आहेत: रजिस्टर क्रमांक, पूर्ण नाव, बॅच, आर्मी नंबर, हुद्दा, मूळ पलटण, त्या वेळचं युनिट, तारीख, ठिकाण, शौर्यपदक असल्यास ते, आणि घरच्यांची सही. शेवटचा रकाना रिकामा असेल तर बाकीचे भरून पाठवू नका, आधी त्या घरी जाऊन या. सोबत रजिस्टरच्या पानाची आणि लष्करी कागदाची झेरॉक्स जोडा. हे सगळं आम्ही शाळेच्या नावाने फाइल करून ठेवतो, म्हणजे पुढे नाव वाढवायचं झालं तर त्याच घडणीची अक्षरं आणि त्याच रंगाचा दगड मिळतो.