‘तू कुणाचा?’ : आयरिश गावांतल्या ‘शॅनखस’ची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गेलिक (तिथली जुनी आयरिश भाषा) बोलणाऱ्या गावांत अनोळखी पोराला विचारतात, ‘के लेश हू?’ म्हणजे तू कुणाचा? उत्तरात आडनाव नसलं तरी चालतं. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो, तिथे त्याच्याही पुढे आजोबांचं येतं. शॉन फॉड्रिग व्हिकील, म्हणजे मिकीलच्या पॉड्रिगचा शॉन. गावात एकाच आडनावाची पाच-सहा घरं असली की माणूस ओळखायची खात्रीची रीत हीच. नातीगोती अशी तोंडपाठ ठेवणं हा ‘शॅनखस’चाच एक भाग.

जुन्या गेलिक कायद्यात वारसा भावकीवर ठरे, त्यामुळे वंशावळ हाच पुरावा होता आणि ती राखणारी पिढीजात घराणी होती. 1601 मध्ये किन्सेलला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर गेलिक सरदार खचले, या घराण्यांचा आश्रयही गेला. पुढे नातीगोती राहिली ती चुलीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी. कागदावर विसंबायची सोय फारशी नव्हती. सगळ्यांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1864 पासूनची. 1922 च्या यादवीत डब्लिनचं अभिलेखागार जळालं, त्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनेचे बहुतेक कागद गेले. आज पूर्ण हाती असलेली सर्वांत जुनी जनगणना 1901 ची आहे.

सरकारी खर्चाने लोकपरंपरा टिपायचं संघटित काम 1935 साली सुरू झालं, आणि गुंता झाला तो ‘शॅनखस’ या शब्दाचा. या एका शब्दात वंशावळ येते, गावाचा इतिहास येतो, कोण कुठून आलं, कोणाची जमीन कशी गेली हे येतं, आणि साध्या गप्पाही येतात. संग्राहकांनी मात्र सांगणाऱ्यांत दोन प्रकार पाडले. वीरांच्या लांबलचक कथा सांगणारा तो ‘श्केली’, माणसांच्या आणि घरांच्या हकिगती सांगणारा तो ‘शॅनखी’. आधी धावाधाव झाली श्केलीकडे. तासन्‌तास चालणारी कथा येणारे म्हातारे एकेक करून जात होते, म्हणून ही घाई, असं त्याचं समर्थन केलं जातं. ते खोटं नाही. पण वीरकथा पुरुषांनी सांगायच्या हा रिवाज होता, आणि वंशावळीची जाण बायकांकडे अधिक असे. पूर्णवेळ संग्राहक तर सगळे पुरुष. कोणाची मावशी कोणत्या घरात दिली, 1840 च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात कुठलं घर रिकामं झालं, हे ज्या बाईला तोंडपाठ होतं तिच्यापर्यंत संग्राहकांचं ध्वनिमुद्रण यंत्र उशिरा पोचलं किंवा पोचलंच नाही. माझ्या मते त्या साऱ्या कामातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

यंत्राचीही एक गोष्ट सांगायला हवी. मेणाच्या नळकांड्यावर आवाज घ्यायचा, ऐकत ऐकत शब्द न शब्द वहीत उतरवायचा, मग मेणाचा वरचा थर तासून तेच नळकांडं पुन्हा वापरायचं. नवी नळकांडी परवडत नव्हती. वह्या उरल्या, बहुतेक आवाज गेले.

उणीव काही अंशी भरून निघाली ती शाळकरी पोरांमुळे. 1937 ते 1939 या काळात 26 परगण्यांतल्या सुमारे 5,000 शाळांमधून 11 ते 14 वर्षांची मुलं घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडे बसली आणि त्यांनी ऐकलेलं वहीत लिहून आणलं. दुष्काळाचे दिवस, गावातले बलदंड गडी, कुंपणाआड चोरून भरणाऱ्या जुन्या शाळा. सुमारे 7,40,000 पानं झाली. इथे आजीला वगळायचं कारणच नव्हतं.

स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गला लोकपरंपरा टिपणारं असं केंद्र उभं राहिलं ते 1951 मध्ये. तिथला पहिला संग्राहक आयर्लंडच्याच कामात तयार झालेला. तिथली ध्वनिमुद्रणं 2010 पासून इंटरनेटवर ऐकता येतात.

आयरिश संग्रहाची 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. मुलांच्या वह्या आता घरबसल्या वाचता येतात, आणि परदेशी गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं त्यांत आपलं गाव शोधतात. पुष्कळ पानांवर हकिगतीखाली मुलाच्या अक्षरात सांगणाऱ्याचं नाव, वय आणि वाडी लिहिलेली असते.