सयाजीराव महाराजांच्या आधीची अकरा वर्षं: जमनाबाई, विषाचा पेला आणि कवळाण्याचा गोपाळ

11 मार्चला सयाजीराव महाराजांची जयंती आली की आपल्या बडोद्यातल्या सगळ्या मराठी ग्रुपवर तेच फोटो फिरायला लागतात, लक्ष्मीविलास पॅलेस, कीर्ती मंदिर, बँक ऑफ बरोडा, बाबासाहेबांना दिलेली स्कॉलरशिप, आणि खाली 'असा राजा पुन्हा होणे नाही'. खरंच आहे ते, माझंही तेच मत आहे. फक्त एक गोष्ट दरवेळी खटकते, ती म्हणजे सगळी गोष्ट महाराजांच्या राज्याभिषेकापासून सुरू होते आणि त्याच्या आधीचं सगळं गायब असतं. 1870 ते 1881 ही अकरा वर्षं समजली नाहीत तर पुढचं काहीच नीट समजत नाही असं मला वाटतं, आणि त्या अकरा वर्षांत सगळ्यात मोठं काम जिचं आहे तिचं नाव तर कुणी घेतच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

तर आधी खंडेराव महाराज. 1856 ला गादीवर आले, शौकीन माणूस, हिरे-मोती, कुस्त्या, शिकार, चांदीच्या तोफा, मोत्यांची चादर हे सगळं त्यांचंच. पण नुसते उधळे म्हणून त्यांना मोडीत काढू नका, कारण 1862 ला डभोई ते मियागाम ही नॅरोगेज रेल्वे त्यांनीच सुरू केली, सुरुवातीला ती गाडी चक्क बैल ओढायचे. नोव्हेंबर 1870 मध्ये खंडेराव अचानक वारले. मुलगा नव्हता, पण राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची, मुलगी झाली तर खंडेरावांचे भाऊ मल्हारराव, असा प्रश्न उभा राहिला. या मल्हाररावांना खंडेरावांनी आपल्या जिवावर उठल्याच्या आरोपाखाली बडोद्याजवळच्या पाद्रा गावी कैदेत ठेवलं होतं, वर्षानुवर्षं. म्हणजे विचार करा, जो माणूस भावाच्या कैदेतून थेट गादीच्या वाटेवर आलाय, त्याची सगळी आशा भावजयीला मुलगी होण्यावर, आणि ती भावजय अजून विशीसुद्धा न गाठलेली विधवा पोरगी. जमनाबाईंना जिवाची भीती वाटली आणि त्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे दरबारात नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) कचेरीच्या, आश्रयाला गेल्या. जुलै 1871 मध्ये मुलगी झाली, ताराबाई. गादी मल्हाररावांकडे गेली आणि जमनाबाई मुलीला घेऊन पुण्याला निघून गेल्या.

मल्हाररावांचा कारभार कसा होता ते सगळं सांगत बसत नाही. भावाच्या माणसांवर सूड उगवला, सारावसुलीत रयत पिळली, भावाने चांदीच्या तोफा केल्या म्हणून यांनी सोन्याच्या केल्या. तक्रारी इतक्या वाढल्या की इंग्रजांनी 1873 ला कमिशन नेमलं. 1874 मध्ये मल्हाररावांनी दिवाण म्हणून कुणाला आणलं माहितीये, दादाभाई नौरोजींना! दादाभाईंनी मनापासून घडी बसवायचा प्रयत्न केला, पण एकीकडे दरबारातली जुनी मंडळी आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर, दोघांच्या मधे त्यांना काम करू दिलं गेलं नाही आणि वर्षभरातच ते बाहेर पडले.

आणि मग ती 9 नोव्हेंबर 1874 ची सकाळ. फेअरसाहेब सकाळी फिरून आले, टेबलावर नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचा सरबताचा पेला ठेवलेला होता, दोन-तीन घोट घेतले, चव काहीतरी वेगळी लागली, मळमळायला लागलं, उरलेलं सरबत त्यांनी फेकून दिलं आणि पेला खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला. त्या गाळात सोमल म्हणजे आर्सेनिक निघालं, हिऱ्याची पूड पण होती असं पुढे आलं. आरोप थेट मल्हाररावांवर, की रेसिडेन्सीच्या नोकरांना पैसे चारून हे करवलं. त्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले, अध्यक्ष बंगालचे चीफ जस्टिस सर रिचर्ड काऊच, आणि आपल्यापैकी ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांनी लंडनहून सार्जंट बॅलंटाईन नावाचे नामांकित बॅरिस्टर आणले, सगळ्या हिंदुस्थानचं लक्ष बडोद्याकडे लागलं. निकाल काय, तर तीन विरुद्ध तीन. तिन्ही इंग्रज म्हणाले गुन्हा केला, आपल्या तिघांनी तो सिद्ध झालाय असं मानलं नाही. मग सरकारने विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं, तिथेच ते 1882 ला वारले. माझं मत विचाराल तर मल्हारराव चांगले राजे नव्हतेच, पण सहापैकी तिघांनी गुन्हा सिद्ध मानला नसताना एका राजाला असं उचलून नेणं हा न्याय नव्हता, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

आता इथे जमनाबाई परत येतात. खंडेरावांच्या विधवेने गायकवाड घराण्यातला मुलगा दत्तक घ्यावा, सरकार त्याला मान्यता देईल, असं ठरलं आणि पुण्याहून बाईसाहेबांना मानाने बोलावून घेतलं. बरं, मुलगा शोधायचा कुठे, तर नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे संस्थापक पिलाजीराव, त्यांचे एक चिरंजीव प्रतापराव, त्यांच्या वंशातली ही शाखा, पिढ्यान् पिढ्या शेती करणारी. तिथल्या काशीराव गायकवाडांची मुलं बडोद्याला आणली. इथे तो प्रसिद्ध किस्सा सांगतात, की मुलांना विचारलं कशाला आलात आणि बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. किस्सा छानच आहे, लहानपणापासून आपण तो ऐकलाय, पण त्याच्यामुळे असं वाटायला लागतं की मुलाने स्वतःच स्वतःला निवडलं. निवडणाऱ्या जमनाबाई होत्या. जिला चार वर्षांपूर्वी जिवाच्या भीतीने शहर सोडावं लागलं ती जेमतेम बावीस वर्षांची बाई परत येते, आणि खेड्यातला, शाळेचं तोंड न पाहिलेला मुलगा मांडीवर घेते. 27 मे 1875 ला दत्तकविधान झालं, गोपाळचे सयाजीराव झाले.

पुढची सहा वर्षं राज्य चालवलं दिवाण टी. माधवराव यांनी, जे आधी त्रावणकोर आणि मग इंदूरला दिवाण होते. रिकामा खजिना, थकलेली रयत, पगार न मिळालेलं सैन्य यातून त्यांनी कोर्टं, पोलीस, दवाखाने, शाळा अशी घडी बसवली. आपला कमाटी बाग पण याच काळातला, 1879 चा. आणि मुलाला शिकवायला आले इलियट साहेब, एफ. ए. एच. इलियट. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, गणित, इतिहास, सगळं अगदी शून्यापासून, कारण मुलाला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. बाराव्या वर्षी अक्षरं गिरवायची, ती पण सगळ्या दरबाराच्या नजरेसमोर, आणि 28 डिसेंबर 1881 ला, वयाच्या अठराव्या वर्षी, पूर्ण अधिकार हातात घ्यायचे. मला तरी वाटतं महाराजांना शिक्षणाची जी तळमळ होती ती इथली आहे. अक्षरओळख नसणं म्हणजे काय हे त्यांनी कळत्या वयात भोगलेलं होतं, बाकीच्या राजांना ते कुठून कळणार.

म्हणून 1893 चा अमरेलीचा प्रयोग या पार्श्वभूमीवर बघा. अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आधी थोड्या गावांत करून बघितलं, अडचणी समजून घेतल्या आणि 1906 ला सगळ्या राज्याला लागू केलं, मुलींसकट. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं काही नव्हतं, 1911 ला गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला, आणि ते बिल तरी पास झालं नाहीच. त्याच्याही आधी, अधिकार मिळाल्या मिळाल्या, अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या, तिथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमले.

लायब्ररीची गोष्ट तर मला सगळ्यात आवडते. शाळेत शिकलेला पोरगा गावात परत गेला की वाचायला काही मिळत नाही आणि दोन-चार वर्षांत शिकलेलं विसरतो, हे महाराजांच्या लक्षात आलं. अमेरिकेच्या दौऱ्यात तिथल्या पब्लिक लायब्ररी बघितल्या आणि 1910 ला तिथून विल्यम बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला थेट बडोद्यात आणलं. सेंट्रल लायब्ररी उभी राहिली ती महाराजांच्या स्वतःच्या आणि धाकटे बंधू संपतरावांच्या पुस्तकांवर. गावांसाठी नियम असा की गावाने लोकवर्गणी काढायची, तेवढीच रक्कम पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. जिथे एवढंही जमत नाही तिथे फिरती लायब्ररी जायची, म्हणजे लाकडी पेटी, आत निवडक पुस्तकं, पेटी गावातल्या शिक्षकाकडे पोचायची, लोकांनी वाचायची, मग परत यायची आणि दुसरी जायची, वाचकाला एक पैसा खर्च नाही. याच्या पायाभरणीत मोतीभाई अमीन यांचं काम फार मोठं, बॉर्डन यायच्या आधीपासून ते गावोगाव वाचनालयं काढत होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आजही आत गेलात तर पोलादी रॅक आणि वरच्या मजल्याला जाड काचेची जमीन बघायला मिळते, खाली उजेड पोचावा म्हणून, एकदा जाऊन याच.

बँक 1908 ची, कलाभवन ही कला आणि तंत्रशिक्षणाची शाळा 1890 ची जिथे दादासाहेब फाळके शिकले, आजवा तलावातून शहराला आणलेलं पाणी, हे सगळ्यांना माहिती आहे, ते परत लिहीत नाही. 1932 ला कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष महाराज होते हे मात्र आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहिती नसतं, आणि राज्यात बहुसंख्य प्रजा गुजराती म्हणून गुजरातीसाठीही त्यांनी तेवढंच केलं.

एक गोष्ट जयंतीच्या फॉरवर्डमध्ये अर्धीच सांगतात. 1913 ला बाबासाहेबांना कोलंबियाला जायला दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, हे येतं. 1917 ला ते कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला जागा कुणी दिली नाही हे नुसतं उरकून टाकतात. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, तिथून लोकांनी काठ्या घेऊन हुसकावलं, मग कमाटी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. महाराजांचा पैसा आणि हुकूम न्यूयॉर्कपर्यंत पोचला पण आपल्या शहरातल्या एका घराचं दार उघडू शकला नाही, आणि ती दारं लावणारे आपल्यासारखेच बडोद्याचे लोक होते. महाराजांचं कौतुक करताना हे पण पूर्ण सांगितलं पाहिजे, पुढच्या पिढीला तर नक्कीच.

महाराज 6 फेब्रुवारी 1939 ला गेले, त्रेसष्ट वर्षं राज्य करून. जमनाबाई त्याच्या कितीतरी आधी, 1898 ला गेल्या. अमरेलीचा प्रयोग त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाला होता. मांडवीजवळचा जमनाबाई दवाखाना आपण सगळे नावाने ओळखतो, रोज हजार वेळा ते नाव घेतो, पण या बाई कोण हे तिथे उभ्या असलेल्या कुणाला विचारून बघा. येत्या 11 मार्चला फोटो टाकाल तेव्हा महाराजांच्या शेजारी त्यांचाही टाका आणि खाली 27 मे 1875 ही तारीख लिहा.