हंगामाचा पहिला शनिवार आणि अंदाजाची रुंदी

१ सप्टेंबर २००७ रोजी अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे, एक लाख नऊ हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या साक्षीने, मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ हंगामातील आपला पहिला सामना अ‍ॅपलॅशियन स्टेट या संघाविरुद्ध खेळला. मिशिगनचे मानांकन देशात पाचवे होते. पाहुणा संघ विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च विभागातलाच नव्हता. तो त्याखालच्या विभागाचा सलग दोन वर्षांचा विजेता होता. लास व्हेगासमधील बहुतेक सट्टेगृहांनी या सामन्यावर भावसुद्धा काढला नव्हता, कारण निकालाविषयी कोणाला शंका नव्हती. प्रत्यक्षात शेवटच्या क्षणी मिशिगनचा फील्ड गोलचा प्रयत्न पाहुण्यांनी हाताने अडवला आणि सामना ३४-३२ असा जिंकला.

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा आणि फेकण्याचा अमेरिकन खेळ. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात पोहोचवला की टचडाउनचे सहा गुण मिळतात आणि उभ्या खांबांमधून लाथाडला की फील्ड गोलचे तीन. विद्यापीठांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी सुरू होतो, सामने मुख्यतः शनिवारी होतात, आणि त्यातला पहिला शनिवार हा भाकीत करणाऱ्यांसाठी वर्षातला सर्वांत अवघड दिवस असतो. तो अवघड का असतो, याचे उत्तर संभाव्यतेच्या शास्त्रात आहे आणि ते या खेळाशी परिचय नसलेल्या वाचकालाही रस वाटावा इतके सुंदर आहे.

२०२४ मध्ये सर्वोच्च विभागात १३४ संघ होते. त्यांच्या संभाव्य जोड्या ८,९११ होतात, परंतु नियमित हंगामात एक संघ साधारणपणे फक्त १२ सामने खेळतो. म्हणजे बहुतेक संघ एकमेकांसमोर कधी येतच नाहीत आणि त्यांची तुलना तिसऱ्या-चौथ्या संघाच्या मध्यस्थीने करावी लागते. पहिल्या शनिवारी तर तेवढाही धागा हाती नसतो. वेस्ली कॉली या खगोलभौतिकी शास्त्रज्ञाने तयार केलेली मानांकन पद्धत यासंदर्भात उद्बोधक आहे. ती केवळ चालू हंगामातील जयपराजय विचारात घेते आणि आरंभी प्रत्येक संघाला अर्धा, म्हणजे ०.५, एवढाच दर्जा देते. हंगामाच्या शेवटी क्रमवारी लावण्यासाठी ही पद्धत निःपक्षपाती ठरते, परंतु पहिल्या सामन्याआधी तिला काहीही सांगता येत नाही, कारण तिच्या दृष्टीने सगळे संघ सारखेच असतात.

म्हणून भाकीत करणाऱ्याला मागच्या काळाकडून काहीतरी उसने घ्यावे लागते. बिल कॉनेली यांची एसपी प्लस ही पद्धत हंगामपूर्व अंदाजासाठी मुख्यतः तीन गोष्टी पाहते: अलीकडच्या काही वर्षांची कामगिरी, संघात नव्याने भरती झालेल्या खेळाडूंची गुणवत्ता, आणि गेल्या वर्षीच्या कामगिरीतला किती वाटा उचलणारे खेळाडू यंदाही संघात आहेत हे प्रमाण. यातला तिसरा घटक मला सर्वांत बोलका वाटतो. विद्यार्थी चार-पाच वर्षांत पदवी घेऊन जातात, उत्तम खेळाडू त्याआधीच व्यावसायिक संघांकडे वळतात, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स्फर पोर्टलमुळे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंद एका ठिकाणी होऊ लागली. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट राहिली नाही. त्यामुळे जर्सीचा रंग तोच असला तरी तिच्या आतला संघ गेल्या वर्षीचाच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

गेल्या वर्षीचा निकाल जसाच्या तसा पुढे चालवता येत नाही, याला आणखी एक कारण आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवले की अतिशय उंच आईवडिलांची मुले उंच असली, तरी सरासरीने आईवडिलांइतकी उंच नसतात. टोकाच्या मोजमापानंतरचे मोजमाप सरासरीकडे झुकते. संघांचेही तसेच असते. जमिनीवर सांडलेला लांबट चेंडू कोणत्या दिशेला उसळेल हे कोणाच्या हातात नसते आणि दीर्घ काळाचा हिशेब मांडला, तर असा चेंडू कोणत्या संघाच्या हाती लागतो हे जवळजवळ नाणेफेकीसारखे असते. जवळपास सगळे सामने जिंकलेल्या संघाच्या यशात अशा उसळींचा वाटा असतो, आणि तो पुढच्या वर्षी सोबत येत नाही. मात्र संघाला कोणत्या सरासरीकडे ओढायचे, हा प्रश्न नाजूक आहे. माझ्या मते ती सगळ्या १३४ संघांची नसून त्या विद्यापीठाची स्वतःची अनेक वर्षांची असावी, कारण पैसा, प्रशिक्षक आणि भरती यांची परंपरा एका हंगामात बदलत नाही.

हे सगळे जमेस धरून अंदाज मिळतो तो गुणफरकात. यजमान संघाला मैदानाचे दोन-तीन गुण द्यावे लागतात. प्रत्यक्ष निकाल या अंदाजाभोवती किती पसरतात, याचे प्रमाण विचलन विद्यापीठीय फुटबॉलमध्ये साधारण १६ गुण आहे. त्यावरून हिशेब केला, तर ७ गुणांनी वरचढ मानलेला संघ सुमारे ६७ टक्के वेळा जिंकतो आणि २१ गुणांनी वरचढ मानलेला सुमारे ९० टक्के वेळा. आता एका शनिवारी २१ गुणांच्या फरकाचे दहा सामने आहेत असे समजा. दहाही बलाढ्य संघ जिंकण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे केवळ ३५ टक्के. पहिल्या शनिवारी कुठेतरी मोठा धक्का बसला तर लोक अंदाज फसला म्हणतात. खरे तर असा एकही धक्का न बसणे हेच अधिक विरळा आहे.

या १६ गुणांच्या पसाऱ्यात दोन वेगळी अज्ञाने मिसळलेली असतात, हे ओळखणे फार महत्त्वाचे आहे. समजा, दोन संघांच्या खऱ्या ताकदीतील फरकाबद्दलचा आपला अंदाज ८ गुणांनी चुकू शकतो आणि एका सामन्यातला योगायोग १४ गुणांचा आहे. त्यांचे वर्ग ६४ आणि १९६. बेरीज २६०, आणि तिचे वर्गमूळ सुमारे १६. निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला, तर त्यातला ६४ भागिले २६० एवढा, म्हणजे साधारण एक चतुर्थांश भागच मनावर घ्यायचा; उरलेला योगायोगाचा.

२ सप्टेंबर २०२३ रोजी कोलोरॅडोने हे गणित कसाला लावले. आदल्या वर्षी बारापैकी एकच सामना जिंकलेल्या या संघात डिऑन सँडर्स हे नवे प्रशिक्षक आले होते आणि त्यांच्यासोबत ऐंशीहून अधिक नवे खेळाडू. समोर आदल्या हंगामात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ होता, आणि तो सुमारे २१ गुणांनी वरचढ मानला गेला होता. कोलोरॅडोने तो सामना ४५-४२ असा जिंकला, म्हणजे अपेक्षेपेक्षा २४ गुण अधिक मिळवले. नेहमीच्या हिशेबाने यातले ६ गुणच खरे मानले जातील. परंतु जवळजवळ संपूर्ण संघच नवा असताना ताकदीच्या अंदाजातील चूक ८ नव्हे, समजा १४ गुणांची धरायला हवी. मग निम्मे, म्हणजे १२ गुण मनावर घ्यावे लागतात. आणि तेही दोन संघांत वाटून, कारण कोलोरॅडो वाटला त्याहून चांगला आहे की प्रतिस्पर्धी वाटला त्याहून दुबळा, हे एका सामन्यावरून कळत नाही. त्या शनिवारनंतर देशभर चर्चा झाली ती फक्त कोलोरॅडोची. हंगाम संपला तेव्हा कोलोरॅडोचे विजय ४ व पराभव ८ होते, तर टेक्सास ख्रिश्चनचे विजय ५ व पराभव ७.

याच्या उलट उदाहरण पुढच्याच वर्षीचे. २०२३ मध्ये १३ सामने जिंकून एकच हरलेला फ्लोरिडा स्टेट २४ ऑगस्ट २०२४ रोजी डब्लिनमध्ये दहाव्या मानांकनासह उतरला आणि जॉर्जिया टेककडून २४-२१ असा हरला. येथे एका सामन्याचा इशारा खरा होता: त्या हंगामात फ्लोरिडा स्टेटने बारापैकी दोनच सामने जिंकले. आदल्या वर्षीचे अनेक प्रमुख खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले होते, त्यामुळे याही संघाबद्दलचा अंदाज रुंदच असायला हवा होता, आणि मानांकन यादीतल्या क्रमांकात ती रुंदी दिसत नाही.

अंदाजांचे मूल्यमापनही म्हणूनच केवळ विजेता ओळखला की नाही यावर करू नये. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये सुचवलेले मापन येथे उत्तम लागू पडते: सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष घडलेले, म्हणजे १ किंवा ०, यांतील फरकाचा वर्ग. नव्वद टक्के सांगून बरोबर ठरल्यास दंड ०.०१, चूक ठरल्यास ०.८१. शंभर टक्के सांगून चूक ठरल्यास पूर्ण १.

अ‍ॅन आर्बरच्या सामन्याबद्दल जवळजवळ सगळ्यांनी मनात शंभर टक्के धरले होते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या, मतदानाने ठरणाऱ्या मानांकनाच्या पुढच्या यादीत मिशिगन पाचव्या स्थानावरून थेट पहिल्या पंचवीस संघांबाहेर गेला, परंतु अ‍ॅपलॅशियन स्टेट त्या यादीत येऊच शकत नव्हता, कारण खालच्या विभागातील संघांना मत देण्याची तेव्हाच्या नियमांत सोयच नव्हती. त्या सामन्यानंतर तो नियम बदलण्यात आला. मिशिगनने तो हंगाम ९ विजय आणि ४ पराभवांसह संपवला, तर अ‍ॅपलॅशियन स्टेटने डिसेंबरमध्ये आपल्या विभागाचे विजेतेपद सलग तिसऱ्यांदा पटकावले.