पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात

गुढीपाडवा झाला की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माळ्यावरचे कूलर खाली येतात. फडक्याने पुसायचं, पाणी भरायचं, बटण दाबायचं. बहुतेक घरांत वर्षाची सफाई एवढीच. मग जून उजाडतो आणि शेजारच्या काकू म्हणतात, "यंदा कूलर गारच करत नाही, मोटर गेली वाटतं." मोटर बहुतेक वेळा धडधाकट असते. बाजूचा दरवाजा काढून आतली घास, म्हणजे पाण्याने भिजणारा गवतासारखा थर, बघा, असं मी सांगतो.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. ती घासेतून जाणाऱ्या हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. ग्वाल्हेरची मे महिन्यातली लू 44 अंशांची आणि 15 टक्के आर्द्रतेची धरली, तर पाण्याने ती फार तर 23 अंशांपर्यंत उतरू शकते. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला तर पारा जिथे थांबेल, तीच ही हद्द. चांगली भिजलेली घास या 21 अंशांतले पंधरा-सोळा कापते आणि खोलीत 28 अंशांची झुळूक येते. पण निम्मी घास कोरडी राहिली तर 28 आणि 44 अंशांची हवा मिसळते आणि आपल्या अंगावर 36 अंशांचा वारा येतो. पंखा तेवढाच, वीज तेवढीच.

घास कोरडी का राहते? वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार मागेच राहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालतात. असं 40 लिटर पाणी दिवसाला उडालं तर 20 ग्रॅम क्षार उरतात, म्हणजे महिन्याला अर्ध्या किलोहून जास्त! बोअरचं पाणी जड असेल तर आणखी. हेच घासेवर पांढरं कवच धरतं, वरच्या नळीची भोकं बुजवतं आणि पाणी ठरावीक धारांनीच खाली उतरतं. म्हणून टाकीत नुसती भर घालत राहू नका. चार दिवसांनी सगळं पाणी सोडून द्या. नळीवरचं कवच सायट्रिक अ‍ॅसिडच्या, इथल्या किराण्यात ज्याला 'नींबू सत' म्हणतात त्याच्या, पाण्यात बुडबुडे येऊन विरघळतं. घास मात्र दर हंगामात नवीच घालावी.

टाकीच्या बाबतीत माझा फार आग्रह आहे, कारण तिथे डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्यातून निदान एकदा टाकी रिकामी करायलाच हवी. पण नुसती रिकामी करून भागत नाही. ही मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. ब्रशने भिंती खसखसून घासा, आणि दसऱ्यानंतर कूलर माळ्यावर टाकतानाही घासूनच टाका. नाही तर पाडव्याला पाणी भरताच तीच अंडी फुटतात.

आता पंखा. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसते कशी? पात्याला अगदी लागून असलेला हवेचा पातळ थर पात्याबरोबरच फिरतो. त्याच्या लेखी वारा नसतोच. 1904 साली लुडविग प्रान्ट्ल यांनी या थराचं गणित मांडलं. त्यात शिरलेला बारीक कण उडत नाही, आणि पुढच्या कडेवर तर जाड पट्टाच तयार होतो. तिन्ही पात्यांवर तो सारखा नसतो, म्हणून पंखा थरथरतो आणि बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ते कडं, झिजतं.

एसीचं सोपं आहे: दर पंधरा दिवसांनी जाळी धुऊन, पूर्ण वाळवून लावायची. जाळी तुंबली की हवा कमी पडते, कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो.

थंडीतल्या ब्लोअरचं मात्र उलटं. 2000 वॉटचा हीटर जाळी तुंबली तरी जवळपास तेवढीच उष्णता तयार करतो. फक्त ती बाहेर नेणारी हवा उरत नाही. तार लालभडक होते, प्लास्टिक तापतं आणि आतला कटआउट हीटर बंद पाडतो. तो वारंवार पडत असेल तर त्याला बगल देऊन हीटर चालवू नका, मागची जाळी साफ करा. प्लग काढून, हीटर थंड झाल्यावर, मऊ ब्रशने, ओलं फडकं न लावता. पहिल्या दिवशी येणारा जळका वास वर्षभराच्या धुळीचा असतो; खिडकी उघडून दहा मिनिटं चालवा. त्यानंतरही वास राहिला तर प्लग काढून इलेक्ट्रिशियनला दाखवा.