जागा वाचवणारे मॉड्युलर फर्निचर

छोट्या घरात एकाच खोलीत झोपणे, जेवणे, अभ्यास आणि कपड्यांची साठवण अशी सगळी कामे उरकावी लागतात. अशा खोलीसाठी ठरावीक मापांच्या सुट्या घटकांतून जोडलेले आणि गरजेप्रमाणे उघडणारे, मिटणारे किंवा सरकणारे सामान म्हणजे जागा वाचवणारे मॉड्युलर फर्निचर. या नावात दोन वेगळ्या कल्पना एकत्र आल्या आहेत. मॉड्युलर म्हणजे ज्याचे घटक एका मापपद्धतीत बसतात, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा लावता येतो. रूपांतरक्षम म्हणजे एकच वस्तू दोन कामे करते. घडीचे टेबल जागा वाचवते, पण ते मॉड्युलर नसते. उलट, मॉड्युलर कपाटांनी भरलेली खोली साध्या खोलीपेक्षा जास्त कोंदट होऊ शकते.

जमिनीची किती जागा वाचली, हा या फर्निचरचा पहिला निकष मानला जातो. व्यवहारात मात्र वस्तू रोज किती हालचालींत बदलते, यावर सारे ठरते. दोन हालचालींत मिटणारा पलंग रोज मिटतो. त्याच पलंगासाठी आधी टेबल सरकवा, मग उशा उचला, मग दोन खुर्च्या बाहेर काढा, असे करावे लागले तर तो महिन्याभरात कायमचा उघडा राहतो आणि त्याच्या यंत्रणेवरचा खर्च वाया जातो. म्हणून अंथरुणासह मिटणारा पलंग आणि वरचे सामान न हलवता वाढणारे टेबल हे सर्वांत उपयोगी प्रकार ठरतात. उशा आणि पांघरुणे ठेवायची जागा पलंगापासून हाताच्या अंतरावर नसेल, तर बाकीचा आराखडा कितीही चांगला असला तरी फसतो.

दिवसा अंथरूण उचलून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. जपानी घरात फुतोन, म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी, घडी करून ‘ओशिइरे’ या भिंतीतल्या कपाटात जातो आणि खोली पूर्ण मोकळी होते. कमी हालचालींच्या कसोटीवर हा उपाय आजही बऱ्याच यंत्रणांना भारी पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम मर्फी यांचा भिंतीत उभा होणारा पलंग लोकप्रिय झाला. पुढे त्यांचे नाव त्या प्रकारालाच चिकटले. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे वास्तुकार गेरिट रीटव्हेल्ट यांच्या श्रोडर गृहात (१९२४) वरचा मजला सरकत्या पडद्या-भिंतींनी दिवसा एक आणि रात्री अनेक खोल्यांचा होतो. १९२६ मध्ये वास्तुकार मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टच्या वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर तर हालचाली मोजूनच बेतले होते. इटालियन डिझायनर जो कोलंबो यांचे ‘टोटल फर्निशिंग युनिट’ १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले गेले. त्यात स्वयंपाकापासून झोपेपर्यंतची सोय एका गठ्ठ्यात होती.

खोलीचा नकाशा

नकाशा दोनदा काढावा लागतो, एकदा सगळे मिटलेले असताना आणि एकदा सगळे उघडे असताना. चुका दुसऱ्या नकाशात दिसतात. ३००० मिमी रुंद खोलीत भिंतपलंग उघडल्यावर भिंतीपासून साधारण २१५० मिमी पुढे येतो. समोर ८५० मिमी उरतात. समोरच्या भिंतीवर ३५० मिमी खोल पुस्तकांचे कपाट ठेवले की उरतात ५००, आणि रात्री उठून बाहेर जाणारा माणूस आडवा होऊन सरकतो. चालायच्या वाटेला किमान ६०० मिमी हवेत, ७५० असल्यास उत्तम. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून तेवढेच लागतात. पल्ल्याच्या कपाटापुढे पल्ल्याच्या रुंदीइतकी जागा मोकळी ठेवावी लागते. सरकते दरवाजे ती वाचवतात, पण रुळांमुळे कपाटाची खोली ८० ते १०० मिमीने वाढते आणि एका वेळी अर्धेच कपाट उघडते. अरुंद खोलीत ३०० ते ४५० मिमी रुंदीचे लहान पल्ले बहुधा अधिक सोयीचे पडतात.

तिसरा नकाशा सहसा कुणी काढत नाही. तो असतो सामान घरात आणण्याचा. २४०० मिमी उंच आणि ६०० मिमी खोल कपाट आडवे जोडून उभे करायचे, तर छत किमान २४७४ मिमी उंच हवे, कारण उभे होताना त्याचा कर्ण फिरतो. म्हणून २१०० मिमीचे कपाट आणि त्यावर वेगळा माळा असे दोन भाग करतात.

मापपद्धती

बहुतेक कारखान्यांत ३२ मिमीची पद्धत चालते. बाजूच्या फळीवर ५ मिमी व्यासाची भोके ३२ मिमी अंतराने पाडतात आणि पुढची ओळ समोरच्या कडेपासून ३७ मिमी आत असते. बिजागरीचे तळ, ड्रॉवरचे चॅनल आणि फळ्यांच्या पिना या सर्वांना हीच भोके चालतात. १८ मिमी जाडीच्या फळीत पहिले भोक वरून ९ मिमीवर घेऊन उंची ३२ च्या पटीत अधिक १८ अशी ठेवली (उदा. ७२२ मिमी), तर फळी वर-खाली सममित होते. मागची ओळही मागच्या कडेपासून ३७ मिमीवर घेतल्यास डावी-उजवी असा भेदही उरत नाही. बिजागरीच्या वाटीसाठी पल्ल्यात ३५ मिमी व्यासाचे भोक लागते. साध्या बॉल-बेअरिंग चॅनलला ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना सुमारे १३ मिमी मोकळे सोडावे लागतात. तिथे २ मिमी कमी पडले तरी ड्रॉवर अडकतो.

प्लायची शीट २४४० × १२२० मिमी असते. कपाटाच्या ६०० मिमी खोलीच्या दोन पट्ट्या, करवतीची जाडी धरूनही, तिच्यात बसतात. ६२० मिमीची खोली घेतली तर एकच पट्टी निघते आणि जवळपास अर्धी शीट तुकड्यांत जाते.

भिंतपलंग

सर्वाधिक जागा हाच वाचवतो आणि सर्वाधिक बिघाडही यातच होतात. १५०० × २००० मिमीच्या पलंगाचा पाट, चौकट आणि गादी मिळून वजन ६५ किलो धरू. डोक्याच्या बाजूला बिजागरी असेल तर वजनाचा मध्य एक मीटरवर येतो आणि सुमारे ६४० न्यूटन-मीटरचा आघूर्ण (बिजागरीभोवती फिरवणारा जोर) पेलावा लागतो. मदतीशिवाय पायाकडचे टोक उचलायला अंदाजे ३२ किलोचा जोर लागेल. हा भार पेलणाऱ्या गॅस स्प्रिंगची (दाबलेला वायू भरलेल्या, दांडा बाहेर ढकलणाऱ्या नळीची) दिशारेषा बिजागरीपासून २०० मिमी लांब असेल, तर दोन स्प्रिंग प्रत्येकी सुमारे १६०० न्यूटनच्या हव्यात. पलंग वर जाताना वजनाचा आघूर्ण घटत जातो, ६० अंशांवर तो निम्मा होतो. त्यामुळे स्प्रिंगचे बिजागरीपासूनचे अंतरही त्याच प्रमाणात कमी होत जाईल अशी तिची जागा निवडतात. नाहीतर पलंग शेवटी धाडकन भिंतीवर आदळतो.

स्प्रिंग गादीच्या वजनाला जुळवलेली असते. पुढे कुणी हलकी गादी आणली की पलंग खाली टिकत नाही, जड आणली की खाली कोसळतो. गादी न ठेवता स्प्रिंग जोडून पाहणे हा अपघातांचा ठरलेला मार्ग आहे. मिटलेल्या अवस्थेत दांडा खाली राहील अशी स्प्रिंग बसवावी, म्हणजे आतले तेल सीलवर राहते. तापमान २५ अंशांनी उतरल्यास जोर साधारण ८ टक्क्यांनी घटतो, म्हणून थंडीत पलंग जड वाटतो.

पलंग खाली येताना संपूर्ण खोका पुढे कलू पाहतो. वरच्या बाजूला तो भिंतीला बांधलाच पाहिजे. पोकळ विटांत किंवा हलक्या ठोकळ्यांत साधा प्लास्टिकचा गट्टू पकड धरत नाही. तिथे रासायनिक अँकर (भोकात चिकटद्रव्य भरून बसवलेला बोल्ट) किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट लागतो.

फळ्या आणि सांधे

सारखा भार असलेल्या फळीचा झोल लांबीच्या चौथ्या घातात वाढतो. ६०० मिमीची फळी ९०० केली की झोल पाचपट होतो. जाडी १८ वरून २५ मिमी केली तर तो अडीच पटींहून अधिक घटतो. पुस्तकांसाठी पार्टिकल बोर्डची (लाकडाचा चुरा दाबून केलेली) फळी ६०० मिमीपेक्षा लांब न ठेवणे शहाणपणाचे. लॅमिनेट एकाच बाजूला लावले तर पल्ला वाकतो, म्हणून आतल्या बाजूलाही हलके लॅमिनेट हवे. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) पुसण्याच्या पाण्याने तळाकडून फुगतात. खोका ८० ते १०० मिमीच्या प्लास्टिक पायांवर उचलला आणि तळाच्या कडेलाही एज बँड (कडा झाकणारी पट्टी) लावला, तर बराच बचाव होतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे आणि पलंगाखालच्या बंद खणात बुरशी धरते. कपाट भिंतीपासून थोडे पुढे ठेवणे आणि गादीखाली सलग पाटाऐवजी पट्ट्या घालणे, हे त्यावरचे उपाय.

मुले असलेल्या घरात बंक बेड जवळजवळ अटळ असतो. युरोपीय मानक ईएन ७४७ नुसार वरचा पलंग सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य नाही. कठड्याची उंची गादीच्या वरच्या पृष्ठापासून मोजावी. जाड गादी घातली की तोच कठडा अपुरा पडतो आणि हे सहसा घरी आल्यावर लक्षात येते.

घर बदलताना सुटे करून पुन्हा जोडायचे असेल, तर पार्टिकल बोर्डच्या कडेत गेलेला लाकडी स्क्रू दुसऱ्यांदा नीट धरत नाही. १५ मिमीचा कॅम (फिरवला की बोल्ट ओढून घट्ट करणारी चकती) आणि बोल्ट यांचा सांधा काही वेळा सुटा होऊ शकतो, मात्र त्याचा बोल्ट फळीत घट्ट बसलेला हवा. सैल झालेले भोक लाकडी खुंटी आणि गोंदाने भरून, सुकल्यावर पुन्हा पाडता येते. पाठीची ६ मिमी फळी खिळ्यांऐवजी खाचेत बसवलेली असेल, तर खोका काटकोनात राहतो. जोडताना दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर पल्ल्यांच्या फटी बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवले तरी सरळ होत नाहीत.