घरच्या सर्व्हरची झोप

“३५ वॅटचाच प्रोसेसर घ्या, ६५ वॅटचा घेतलात तर वीज दुप्पट लागेल.” घरी छोटा सर्व्हर उभारून त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशिन, म्हणजे एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालवायला निघालेल्या माणसाला हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चुकीचा आहे. तो का चुकतो हे बघायला गेलं की संगणकातली एक अतिशय देखणी यंत्रणा समोर येते, आणि मला खरं तर तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

खोक्यावर छापलेले ते वॅट म्हणजे टीडीपी. प्रोसेसर सतत जोरात राबत असताना निघणारी उष्णता वाहून न्यायला पंखा आणि हीटसिंक किती तगडे हवेत, याचा तो अंदाज. पण घरचा सर्व्हर जोरात राबतो कधी? फोटोंचा बॅकअप, जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा), शिकण्यासाठी टाकलेलं एखादं लिनक्स, या सगळ्यांचा बहुतेक वेळ कोणी काही मागतंय का याची वाट बघण्यात जातो. त्या वेळात एकाच पिढीतले ३५ आणि ६५ वॅटचे प्रोसेसर जवळपास सारखीच वीज घेतात. वर्षभर अखंड चालणारा एक वॅट म्हणजे ८.७६ युनिट. रिकामा असताना ६० वॅट ओढणारा जुना डेस्कटॉप वर्षाला सव्वापाचशे युनिट खातो, ८ वॅटवर बसून राहणारा मिनी पीसी फक्त सत्तर. म्हणून विचारायचं ते हे, की काम नसताना यंत्र किती गाढ झोपतं?

प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर घड्याळाच्या ठोक्यावर उघडबंद होतात. या उघडबंदीला लागणारी वीज ठोक्यांच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करायला काही उरलं नाही की ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसरला सांगते, ‘पुढचा इंटरप्ट येईपर्यंत थांब.’ इंटरप्ट म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ अशी प्रोसेसरला मिळणारी हाक. यासाठीची जुनी सूचना म्हणजे हॉल्ट. मग त्या कोअरचे, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या त्या भागाचे, ठोके थांबतात. ही हलकी डुलकी, सी१. थांबणं लांबलं तर सी६, म्हणजे कोअरमधली सगळी स्थिती बाजूच्या छोट्या मेमरीत लिहून ठेवायची आणि त्याचा वीजपुरवठाच तोडायचा. सगळे कोअर असे निजले की मगच अख्खी चिप गाढ झोपू शकते. झोप जितकी गाढ तितका उठायला वेळ जास्त, त्यामुळे आता किती वेळ निवांत मिळेल याचा अंदाज ऑपरेटिंग सिस्टीमला प्रत्येक वेळी बांधावा लागतो.

आता यात व्हर्च्युअल मशिन आणा. प्रत्येक पाहुण्या मशिनला वाटतं की प्रोसेसर आपल्या एकट्याचा आहे. तिचं काम संपलं आणि तिने हॉल्ट म्हटलं तर खरा प्रोसेसर थांबेल, आणि शेजारच्या मशिनही अडकतील. म्हणून अशी सूचना आली की प्रोसेसरने तिथेच काम थांबवून ताबा यजमानाकडे, म्हणजे हायपरवायझरकडे, द्यायला हवा. याला ट्रॅप म्हणतात. पोपेक आणि गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हा नियम काटेकोर मांडला: यंत्राच्या अंतर्गत स्थितीला हात लावणारी प्रत्येक सूचना कमी अधिकारात चालवली, तर ती ट्रॅप झालीच पाहिजे.

घराघरांतल्या एक्स८६ प्रोसेसरने, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरने, हा नियम पाळलेला नव्हता. हॉल्ट नीट ट्रॅप होई, पण पॉपएफ नावाची सूचना घ्या. तिने इंटरप्ट बंद करायचा प्रयत्न केला आणि अधिकार नसला, तर प्रोसेसर ट्रॅपही करत नसे आणि तक्रारही करत नसे. तेवढा बदल गुपचूप गाळून पुढे जाई. पाहुण्याला वाटे इंटरप्ट बंद झाले, प्रत्यक्षात तसं काही झालेलंच नसे, आणि यजमानाला पत्ताही नसे. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये अशा सूचना चालता चालता बदलून टाकण्याची युक्ती वापरून मार्ग काढला. इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच पाहुण्यांसाठी वेगळी अवस्था दिली. आता पाहुण्याने हॉल्ट म्हणताच ताबा यजमानाकडे येतो. यजमान त्या पाहुण्याला निजलेला म्हणून नोंदवतो आणि दुसरं कोणी जागं आहे का पाहतो. कोणीच नसेल, तर तो खऱ्या कोअरला झोपवतो. पाच आभासी संगणकांची झोप अशी एका खऱ्या झोपेत मिसळते!

ही झोप मोडायची सवय मात्र जुनी होती. लिनक्स सेकंदाला १०० ते १००० वेळा, काम असो वा नसो, वेळ बघायला उठत असे. २५० च्या हिशेबाने पाच पाहुण्यांचे सेकंदाला १२५० इंटरप्ट होतात, म्हणजे सरासरी एक मिलिसेकंदही सलग शांतता नाही. २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२१ पासून रिकाम्या कोअरला असं उठवणं टाळता येऊ लागलं. लिनक्सलाच यजमान बनवणारं केव्हीएम लिनक्समध्ये आलं तेही त्याच वर्षी.

इथेच एक गोष्ट बजावून सांगतो. सॉकेटमध्ये खोचली की वीजबिल कमी करते म्हणून विकली जाणारी डबी घेऊ नका. आत बहुधा एक कपॅसिटर आणि दिवा असतो. घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा मोजतो आणि कपॅसिटरमुळे ती घटत नाही. त्यापेक्षा सॉकेटवर लावायचा वॅटमीटर घ्या.

खरेदीबद्दल थोडक्यात. पाहुण्यांची संख्या आधी रॅमवर अडते, प्रोसेसरवर नाही, म्हणून रॅम भरपूर घ्या. ५०० वॅटचा पॉवर सप्लाय १० वॅटवर चालवला तर तो क्षमतेच्या दोन टक्क्यांवर काम करतो, आणि तिथे त्याची कार्यक्षमता बरीच घसरते. ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा बिल्ला पाहून फसू नका, त्याच्या नेहमीच्या चाचण्या २०, ५० आणि १०० टक्के भारावरच्या असतात. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी घ्या. जोडलेलं प्रत्येक कार्ड पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, पाळतं का ते तपासा. एक जुनं नेटवर्क कार्डसुद्धा अख्ख्या चिपला गाढ झोपेपासून रोखू शकतं.

सगळं जुळवल्यावर यजमानावर पॉवरटॉप हा प्रोग्रॅम चालवा. प्रोसेसर कोणत्या अवस्थेत किती टक्के वेळ होता आणि त्याला कोणी किती वेळा उठवलं, हे तो दाखवतो. यजमान म्हणून प्रॉक्समॉक्स ही प्रणाली वापरत असाल तर तिथे एक अनपेक्षित झोपमोड्या भेटू शकतो. माउसचा बाण नीट जुळावा म्हणून व्हर्च्युअल मशिनला एक आभासी यूएसबी टॅबलेट जोडलेला असतो. मशिनला पडदा नाही, माउस कोणी हलवत नाही, तरी त्या टॅबलेटपायी प्रोसेसर पुन्हा पुन्हा उठत राहतो. मशिनच्या ऑप्शन्समध्ये जाऊन तो बंद करा आणि वॅटमीटर पुन्हा बघा.