सेवानकार हल्ल्यांपासून संरक्षण
खोट्या किंवा अवाजवी मागण्यांचा भडिमार करून सर्व्हर वा नेटवर्क खऱ्या वापरकर्त्यांना अनुपलब्ध करणे, यास सेवानकार अथवा ‘डॉस’ हल्ला म्हणतात. भडिमार अनेक यंत्रांवरून झाल्यास तो ‘डीडॉस’ होय. प्रस्तुत नोंदीत त्याच्या प्रतिबंधाचा विचार खानदेशातील लहान जोडण्यांच्या संदर्भात केला आहे.

आद्य हल्ल्याविषयी मतभेद आहेत. काही लेखक १९७४ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकीय शिक्षण प्रणालीत घडलेला प्रसंग पहिला मानतात. एका शाळकरी मुलाने ‘एक्स्ट’ ही आज्ञा पाठवून ३१ टर्मिनले एकदम बंद पाडली, असे सांगितले जाते. मात्र ही हकिकत मुख्यतः त्याच्याच नंतरच्या आठवणींवर आधारलेली असून तीत भडिमार नव्हे, तर टर्मिनलमधील दोषाचा वापर होता. त्यामुळे संरक्षणाच्या इतिहासाचा आरंभ सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट पुरवठादारावर झालेल्या सिन-भडिमारापासून (जोडणीच्या बनावट मागण्यांच्या लोंढ्यापासून) धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

टीसीपी या इंटरनेटवरील संदेशवहनाच्या नियमसंचानुसार होणाऱ्या जोडणीत ग्राहकाच्या ‘सिन’ला (जोडणीच्या मागणीला) सर्व्हर ‘सिन-अ‍ॅक’ने उत्तर देतो आणि ग्राहकाची अंतिम पोच म्हणजे ‘अ‍ॅक’ येईपर्यंत अर्धवट जोडणी रांगेत ठेवतो. बनावट पत्त्यांवरून आलेल्या सिनचा अ‍ॅक कधीच येत नाही. रांग भरते व खरा ग्राहक बाहेर राहतो. यावर १९९६ मध्येच डॅनियल बर्नस्टाइन व एरिक शेंक यांनी सिन-कुकीची पद्धत मांडली. तीत सर्व्हर रांगेत काहीच न ठेवता पत्ते, पोर्ट, कालगणक आणि गुप्त किल्ली यांपासून काढलेली संख्या सिन-अ‍ॅकच्या ३२ बिटांच्या अनुक्रमांकात घालतो आणि अ‍ॅक परतल्यावर ती पडताळतो. या पद्धतीत टीसीपीच्या काही जादा सोयी (ऑप्शन्स) गमवाव्या लागतात, म्हणून लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत ती रांग ओसंडल्यावरच कार्यान्वित होते.

सिन-कुकीने सर्व्हरची स्मृती भरून जाण्यापासून वाचते, जोडणी मात्र वाचत नाही. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर गिगाबिटांचा ओघ आला, तर आतील फायरवॉलने प्रत्येक पॅकेट (माहितीचा तुकडा) नाकारले तरी मार्ग आधीच तुंबलेला असतो. धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठच्या फड या सामुदायिक सिंचन पद्धतीत कालव्यातील जादा पाणी शेतात शिरण्यापूर्वीच सांडमातून (जादा पाण्याच्या वाटेतून) नदीला परत सोडतात. इंटरनेटवरील जादा ओघही वरच्या पुरवठादारानेच वळवावा लागतो. लक्ष्य झालेल्या पत्त्याकडे जाणारी सर्व पॅकेटे वरच टाकून दिल्यास तो पत्ता बंद पडतो, पण शेजारचे ग्राहक वाचतात. इंटरनेट जाळी चालवणाऱ्यांसाठीच्या मे २००० च्या बीसीपी ३८ या शिफारशीनुसार बनावट मूळ-पत्त्याची पॅकेटे आपल्या जाळ्याबाहेर जाऊ न देणे हे पुरवठादाराचे काम असून, जळगाव-धुळ्यातील लहान केबलचालकही ते करू शकतो आणि त्याने ते करावे.

विद्यापीठाच्या निकालादिवशीची गर्दी हल्ल्यासारखीच भासते. शिवाय सीजीनॅटमुळे (पुरवठादाराने एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या पद्धतीमुळे) अनेक घरांचा सार्वजनिक पत्ता एकच असू शकतो. म्हणून केवळ पत्ता पाहून सरसकट बंदी घातल्यास निरपराध विद्यार्थीही अडतात. तेथे आधी तयार केलेली स्थिर पाने आणि मागण्यांवरील संयत मर्यादा अधिक योग्य ठरतात.

घरगुती राउटर व सराफ बाजारातील सीसीटीव्ही संच हल्ल्याचे साधनही ठरू शकतात. २०१६ मधील मिराई या घातक प्रणालीने अशीच उपकरणे कारखान्यातील मूळ पासवर्ड वापरून ताब्यात घेतली होती. पासवर्ड बदलणे, बाहेरून होणारे व्यवस्थापन बंद ठेवणे आणि फर्मवेअर (उपकरणातील अंगभूत आज्ञावली) अद्ययावत करणे हे उपाय परिचित आहेत.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये अधिकृत व्यक्तीचा प्रवेश रोखण्याच्या कृतीचा समावेश असून, ती अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ लागू होते.